तिसऱ्या पाळीचे मासे

प्रिती सलग तिसऱ्या दिवशी ताट अर्धं टाकून उठली, तेव्हा राधाबाईंनी लसूण सोलता सोलता विचारलं, "कोण आजारी आहे? तू का तुझे मासे?"

"मासे," प्रिती म्हणाली. "आणि असंच चाललं तर मीपण."

डिलाईल रोडच्या चाळीतल्या त्या खोलीत आता दोघीच राहत होत्या. राधाबाईंचा मुलगा विकास नोकरीपायी बायकोसह नाशिकला होता. नवरा कोंडीराम जाऊन नऊ वर्षं झाली होती. नात प्रिती मुंबईतच राहिली, माशांचं शास्त्र शिकली, एमएस्सी झाली. गिरगावात एका ट्रस्टने नवं मत्स्यालय काढायला घेतलं आणि तिथे तिला नोकरी लागली, तेव्हा राधाबाईंनी सगळ्या मजल्यावर पेढे वाटले. शेजारणींना वाटलं, पोरगी मासळी बाजारात लागली. राधाबाईंनी एकेकीला दारात उभं करून समजावलं, की हे मासे खायचे नाहीत, बघायचे.

त्यातही प्रितीच्या ताब्यात आलेली टाकी सगळ्यांत वेगळी होती. तिच्यात बावीस मासे होते, काळपट, वीतभरही नसतील. दूरच्या समुद्रात प्रवाळाच्या खडकांत राहणारे. दिवसभर ते कपारीत दडून बसायचे आणि काळोख्या रात्री बाहेर पडायचे. प्रत्येकाच्या डोळ्याखाली चवळीच्या दाण्याएवढी एक पांढरी पिशवी. अंधारात ती उजळायची, निळसर हिरवी. मासा ती पापणीसारखी उघडायचा, मिटायचा, आणि त्या उजेडात दिसणारे बारीक जीव टिपून खायचा. प्रिती त्यांना इंग्रजी नावाने फ्लॅशलाइट फिश म्हणायची. राधाबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांचे बॅटरीवाले मासे करून टाकले होते.

"पिशवीत डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात," प्रितीने तेव्हा सांगितलं होतं. "मासा जेवतो त्यातलं त्यांना पोचतं, आणि ते त्याला उजेड देतात."

"म्हणजे खानावळच की," राधाबाई म्हणाल्या होत्या. त्यांच्या या दहा बाय बाराच्या खोलीत चार पोरांखेरीज कोंडीरामच्या गावची तीन माणसं जेवायला असायची. कोण कोणाला पोसतो हे शास्त्र त्यांना पुस्तकाशिवाय कळत होतं.

"काय झालंय त्यांना?" त्यांनी आता विचारलं.

प्रिती भिंतीला टेकून बसली. "खात नाहीत गं. नव्या टाकीत सोडल्यापासून खातच नाहीत. पोटात काही नाही म्हणून उजेड कमी होत चाललाय. तिघांचा तर पार गेला. एकदा विझला की तो परत येत नाही. बाकीचे नुसते मिणमिणतायत."

"आणि तुझ्या मॅडम?"

"पुढच्या गुरुवारपर्यंत वाट बघणार. नाही सुधारलं तर हे मासे चेन्नईच्या संशोधन केंद्रात पाठवायचे आणि त्या टाकीत नारंगी पट्ट्यांचे मासे सोडायचे. मुलांना तेच आवडतात म्हणे. त्यानंतरच्या रविवारी उद्घाटन आहे." तिने पाय जवळ ओढून घेतले. "मला तिकिटाच्या खिडकीवर बसवतील. म्हणजे, तसं म्हणाल्या नाहीत. पण ते मासे कोणीही सांभाळेल, त्यांना मी कशाला हवी?"

राधाबाईंनी सुपातली लसणाची सालं एका बाजूला सारली. "त्यांची रात्र कधी होते?"

"सकाळी दहाला. लोक दिवसा बघायला येणार ना, म्हणून त्यांचं घड्याळ उलटं केलंय. आपल्या रात्री त्यांच्यावर दिवे, आपल्या दिवसा त्यांना अंधार."

"एका दिवसात उलटं केलंत?"

"नाही गं आज्जी. अठरा दिवस घेतले. रोज थोडं थोडं सरकवलं. एवढी अक्कल आहे मला."

"आणि त्याच्या आधी खायचे?"

"मागच्या खोलीत होते तेव्हा? तुटून पडायचे."

"त्या खोलीला खिडकी होती?"

प्रितीने मान वर केली. "होती. का?"

"उगीच," राधाबाई म्हणाल्या. "उद्या मी येते तुझ्याबरोबर."

"मॅडम ओरडतील."

"ओरडू देत. मी काय टाकीत उडी मारणार आहे?"

मत्स्यालय एका जुन्या छापखान्याच्या इमारतीत होतं. दारावर चिंतामणी नावाचा रखवालदार बसायचा, साठीला आलेला मालवणी माणूस. त्याने राधाबाईंना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "आजी, अजून उघडूक नाय आमचा. पुढच्या रविवारी येवा."

"मी बघायला आलेली नाही," राधाबाई म्हणाल्या. "कामाला आलेय."

"कसल्या कामाक?"

"ते अजून ठरायचंय."

प्रितीची टाकी सगळ्यांत आतल्या दालनात होती. भिंती काळ्या, खिडकी एकही नाही. टाकीच्या डोक्यावर दिव्यांची एकच लांब पट्टी. दहाला पाच कमी असताना प्रितीने आज्जीला स्टुलावर बसवलं. राधाबाईंनी हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत वर सारल्या आणि पदराने घट्ट दाबून धरल्या. कोणी सांगितलं नव्हतं. हाताला सवय होती.

दहा वाजले. टक् झालं आणि दालन काळंठिक्कर पडलं. पट्टी विझायच्या त्या क्षणी कपारीच्या तोंडाशी असलेले चार मासे थोबाडीत बसल्यासारखे आत पळाले. त्यांच्या मिणमिणत्या ठिपक्यांवरून राधाबाईंना ते कळलं. लगेच प्रितीने वरून खाणं सोडलं. बारीक कोळंबीचा चुरा खाली खाली बसत गेला. कोणी बाहेर आलं नाही. अकरा वाजता प्रितीने लाल दिव्याच्या मंद उजेडात नळीने तो सगळा चुरा ओढून काढला, नाहीतर पाणी नासतं.

"चल, बाहेर बसू," ती म्हणाली.

"तू जा. मी आहे."

राधाबाई अंधारात एकट्या बसून राहिल्या. त्यांना अंधाराचा कंटाळा नव्हता. साडेबाराच्या सुमारास कपारीतून एक उजेड आला, राखेतल्या निखाऱ्याएवढा. तो मासा सावकाश पुढे आला, तळापर्यंत गेला, इकडे तिकडे फिरला, उजेड दोनदा उघडला, मिटला, आणि आल्या वाटेने परत गेला.

राधाबाई उठल्या, भिंत चाचपत बाहेर आल्या. प्रिती डबा उघडून तशीच बसली होती.

"अगं, तो जेवायला आला होता," राधाबाई म्हणाल्या. "तू ताट उचलून ठेवलं होतंस."

"कोण आला होता?"

"तुझा मासा. आत्ता. उठल्या उठल्या कोण जेवतं गं? तुझे आजोबा गिरणीत तिसऱ्या पाळीला होते, रात्री बारा ते सकाळी सात. सकाळी येऊन झोपायचे, चारला उठायचे. उठल्यावर समोर ताट ठेवलं की ढकलून द्यायचे. चहा घ्यायचे, तासभर गॅलरीत बसायचे, रस्ता बघायचे. मग म्हणायचे, काय आहे जेवायला. आणि एक सांग. दिवस केलात तुम्ही यांना, रात्र केलीत. संध्याकाळ कुठाय?"

प्रितीने डबा बाजूला सरकवला.

"मागच्या खोलीला खिडकी होती," राधाबाई पुढे म्हणाल्या. "तिथे रोज संध्याकाळ व्हायची. हळूहळू अंधारायचं. इथे कोणीतरी येऊन डोळ्यांवर फडकं बांधल्यासारखा काळोख होतो. मी असते तर मीपण पळाले असते."

"हळूहळू मंद होणारे दिवे मागवलेत," प्रिती पुटपुटली. "ते उद्घाटनानंतर येणार. तोवर साध्या बटणावर चालेल असं सगळ्यांनीच धरलं होतं. मीसुद्धा." तिने कपाळावर हात मारून घेतला. "मीसुद्धा, आज्जी!"

"कपाळ नंतर बडव. दोरी आहे का इथे कुठे?"

दुसऱ्या दिवशी राधाबाई येताना एक जुनं लुगडं आणि दोन गोधड्या घेऊन आल्या. एक पातळ, एक जाड. जाड गोधडी कोंडीरामच्या गिरणीत मिळायच्या त्या तुकड्यांची होती, निळे, राखाडी, मध्येच एक पिवळा. हीच गोधडी बावीस वर्षं त्यांच्या खिडकीवर टांगलेली असायची. नवरा दिवसा झोपायचा, म्हणून घरात दिवसाची रात्र करायची. राधाबाई स्टोव्ह बाहेर गॅलरीत नेऊन पेटवायच्या. भांड्यांखाली गोणपाट. पोरं जिन्यात अभ्यासाला. आणि चार वाजत आले की गोधडी एकदम ओढायची नाही. आधी एक कोपरा, मग अर्धी, मग पूर्ण. एकदम उजेड पडला की कोंडीरामचं डोकं दुखायचं आणि माणूस उपाशी पाळीला जायचा. चार मिनिटांच्या कामाला त्या अर्धा तास घ्यायच्या, हातात दुसरं काम असलं तरी.

घरी गोधडी उतरवायची होती, इथे चढवायची, एवढाच फरक.

त्या गोधड्या बघून मृणालिनी मॅडम दालनाच्या दारातच थांबल्या. मत्स्यालयाच्या प्रमुख त्या. जन्मापासून गिरगावकर, पन्नाशीच्या, इस्त्रीची सुती साडी, गळ्यात चष्म्याची साखळी. वाईट बाई नव्हत्या, पण ट्रस्टची माणसं रोज त्यांना फोन करत होती आणि तो फोन त्यांच्या कपाळावर दिसायचा.

"प्रिती, हे काय आहे?"

"संध्याकाळ आहे मॅडम," प्रिती म्हणाली, आणि तिला स्वतःलाच हसू आलं. मग तिने सगळं नीट सांगितलं. खिडकीची खोली, एकदम बंद होणारा दिवा, साडेबाराला आलेला मासा.

"कल्पना चांगली आहे गं. पण गोधडी? इथे? आग लागली म्हणजे?"

"एलईडी आहेत. हात लावून बघा, गार असतात. आणि पट्टीला चिकटणार नाही, दोरीवर खाली राहील."

मॅडम राधाबाईंकडे वळल्या. "आजी, राग मानू नका. तुमचा अनुभव घरचा आहे. हे मासे आहेत."

"मासे आहेत म्हणूनच पळाले," राधाबाई म्हणाल्या. "माणूस असता तर तुम्हाला चार शब्द सुनावून गेला असता."

बाहेर चिंतामणी फिसकन हसला आणि मग खोकल्याचं सोंग केलं. मॅडमनी चष्मा लावला, काढला. "पुढचा गुरुवार," त्या म्हणाल्या. "त्यापुढे माझ्याही हातात काही नाही."

त्या दिवसापासून राधाबाईंची पाळी सुरू झाली. नऊला बस, साडेनऊला मत्स्यालय, बांगड्या कोपरापर्यंत. दहाला त्या पट्टीखाली लुगडं सरकवायच्या, एक घडी. पाच मिनिटांनी दुसरी. मग पातळ गोधडी, मग जाड. चिंतामणीने बांबू आणून दिला, त्याने ती गोधडी इंच इंच पुढे जायची. अकराला पूर्ण अंधार, मगच प्रितीने बटण बंद करायचं, ते कोणाला कळायचंसुद्धा नाही. खाणं साडेबाराला. आणि माशांची पहाट एकदम होऊ नये म्हणून पट्टी पेटायच्या आधी दोन तास कोपऱ्यात एक झिरोचा बल्ब लावायचा, ते काम चिंतामणीकडे.

दारावर राधाबाईंनी कडीला एक लाल चिंधी बांधली. चाळीत ती खूण होती. ज्या दाराच्या कडीला लाल चिंधी, त्या घरात तिसऱ्या पाळीचा माणूस झोपलाय. त्या दारापुढे कोणी मोठ्याने बोलायचं नाही, पोरांनी गोट्या खेळायच्या नाहीत, पोस्टमनसुद्धा कार्ड फटीतून सरकवायचा. राधाबाईंच्या बावीस वर्षांत ती चिंधी कोणी कधी सोडली नव्हती.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी मासे पळाले नाहीत, एवढंच. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, साडेबाराला एकाने खाल्लं. प्रितीने आज्जीचं मनगट इतकं आवळलं की वळ उठला. शनिवारी सात जण बाहेर आले. उजेड अजून मिणमिणताच होता, पण त्यांच्या फिरण्यात घाबरटपणा नव्हता. संध्याकाळी घरी प्रितीने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली.

सोमवारी घोटाळा झाला.

अकराला अंधार झाला होता. राधाबाई स्टुलावर, प्रिती खाण्याची वाटी घेऊन तयार. कपारीच्या तोंडाशी उजेडांची चुळबूळ चालली होती. तेवढ्यात दार धाडकन उघडलं, चिंतामणीने सवयीने भिंतीवरचं बटण दाबलं, सगळ्या ट्यूबलाइट भक्कन पेटल्या आणि तो दारातून ओरडला, "येवा, येवा! ह्योच तो अंधाराचो हॉल!" मागे ट्रस्टचे दोन पाहुणे.

मासे एका फटक्यात नाहीसे झाले. दोघे काचेवर आपटले, त्याचा आवाज राधाबाईंना ऐकू आला.

"अरे काय केलंस!" प्रिती किंचाळली. "बंद कर! बंद कर आधी!"

पाहुणे गोंधळून निघून गेले. चिंतामणी दारात तसाच उभा राहिला, पांढराफटक.

"चिंधी होती ना दाराला?" राधाबाईंनी आवाज न चढवता विचारलं. "लाल चिंधी होती कडीला."

"ती? ती मी सोडलंय." चिंतामणीने खिशातून चिंधी काढली. "माका वाटला, झाडूवालीन विसरून गेली. तिनाच हँडल पुसलंय मी, पावणे येवचे होते म्हणान."

राधाबाई त्या चिंधीकडे बघत राहिल्या. आणि मग त्यांना कळलं, चूक एकट्या चिंतामणीची नव्हती. डिलाईल रोडवर लाल चिंधी सगळ्यांना वाचता येत होती. गिरगावात कोणाला येणार? त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं. सांगायचं असतं हेच डोक्यात आलं नाही, कारण तिकडे कधी कोणाला सांगावं लागलं नव्हतं.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या.

मंगळवारी कोणी खाल्लं नाही. एकही नाही. मॅडम दाराशी येऊन परत गेल्या. बसमध्ये प्रिती खिडकीबाहेर बघत होती. "राहू दे आज्जी," ती म्हणाली. "तू केलंस ते पुष्कळ केलंस. आता दोन दिवसांत काय होणार?"

"तू तिकिटाच्या खिडकीवर बसशील?"

"बसेन."

"मी नाही बसू देणार," राधाबाई म्हणाल्या. समोरच्या सीटवरच्या बाईने वळून बघितलं इतक्या मोठ्याने.

घरी आल्यावर त्यांनी विकासच्या जुन्या कॅलेंडरचं मोठं पान उलटं केलं, पट्टीने चार रेघा मारल्या आणि प्रितीचा काळा जाड पेन घेऊन जमिनीवर बसल्या. राधाबाई अक्षरं शिकल्या बासष्टाव्या वर्षी, शेजारच्या विहारातल्या बायकांच्या वर्गात. तोवर अंगठा होता. वर्गात त्या सगळ्यांत म्हाताऱ्या, आणि सगळ्यांत हट्टी. अजूनही लिहिताना त्या प्रत्येक अक्षर एकेक भांडं मांडावं तसं मांडायच्या. कोणालाही घाईत खरडलेलं वाचायला लागू नये, हा त्यांचा नियम होता. दोन ओळींना त्यांना पाऊण तास लागला. प्रितीने मध्ये एकदा "मी लिहून देऊ?" असं विचारलं, तेव्हा तिच्याकडे नुसतं डोळे वटारून बघितलं.

बुधवारी सकाळी तो कागद दालनाच्या दारावर चिकटला.

आत संध्याकाळ होत आहे.
दार हळू लोटा.

खाली कडीला लाल चिंधीही होती. चिंतामणीने ती धुऊन आणली होती आणि स्वतः बांधली. मग तो स्टूल घेऊन थेट त्या दारासमोर बसला, मांडीवर काठी आडवी. झाडू मारणारी आली, तिला त्याने बोटानेच परत पाठवलं. खुद्द मॅडम आल्या, तर उठून हात जोडले आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, चपला काढल्यात तर बरा. टाच वाजता." आणि मॅडमनी खरंच काढल्या, तेव्हा सगळ्यांत जास्त नवल त्यालाच वाटलं.

बुधवारी नऊ माशांनी खाल्लं.

गुरुवारी मृणालिनी मॅडम दहाच्या आधीच येऊन बसल्या. राधाबाईंनी त्यांना आपल्या शेजारचं स्टूल दिलं आणि त्यांच्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं. मॅडमनी तो बंद करून पर्समध्ये टाकला. राधाबाईंनी मग त्यांच्या हातातल्या दोन सोन्याच्या बांगड्यांकडे बघितलं. मॅडमना कळेना. राधाबाईंनी स्वतःचा हात पुढे करून दाखवला. मॅडमनीही आपल्या बांगड्या वर सारल्या.

लुगड्याची पहिली घडी आत गेली. खडकावरचा पांढरा उजेड जरा पिवळा झाला. दुसरी घडी. मॅडमची चुळबूळ राधाबाईंना ऐकू येत होती. तासभर नुसतं बसायची त्यांना सवय नव्हती. पातळ गोधडी निम्म्यावर आली तेव्हा ती चुळबूळ थांबली. खडकाच्या कडा विरघळायला लागल्या. पाण्याचा रंग सांजेच्या समुद्रासारखा झाला. जाड गोधडी इंच इंच सरकत गेली, तिच्यातला पिवळा तुकडा शेवटपर्यंत उजळत राहिला आणि मग तोही गेला.

अंधार. प्रितीच्या श्वासाचा आवाज. बराच वेळ काही नाही. राधाबाईंच्या मनात आलं, सोमवारचा तो धक्का यांच्या अंगातून गेलाच नसेल तर? कोंडीरामची झोप अशी एकदा कोणी मोडली की तीन तीन दिवस माणूस ताळ्यावर यायचा नाही.

साडेबाराला प्रितीने खाणं सोडलं.

आधी एक दिवा आला. तो निखाऱ्यासारखा नव्हता. स्वच्छ, निळसर, ज्योतीसारखा. मग दोन. मग कपारीतून ओळच्या ओळ, पाळी सुटल्यावर गेटातून माणसं बाहेर पडावीत तशी. दिवे उघडत होते, मिटत होते, वळत होते, खाण्यावर झेपावत होते. काचेपाशी एक घोळका इतका जवळ आला, की त्या उजेडात राधाबाईंना मॅडमचा चेहरा दिसला. चष्मा गळ्यात, तोंड किंचित उघडं, शाळेतल्या मुलीसारखं.

"एकोणीस," प्रिती कुजबुजली. तिने दोनदा मोजले होते. "आज्जी, एकोणीस. सगळे खातायत."

"आणि ते तीन?" मॅडमनी तितक्याच हळू विचारलं.

ते तीनही बाहेर आले होते. त्यांच्या डोळ्याखाली काळोख होता. ते उजेड असलेल्यांच्या मधोमध पोहत होते आणि दुसऱ्यांच्या उजेडात दिसेल ते खात होते.

"त्यांना वेगळं काढायचं का? लोक विचारतील."

"कशाला?" राधाबाई म्हणाल्या. "गिरणीच्या संपात आमच्याकडे जेवणाऱ्या तिघांचं काम गेलं. त्यांना काय मी पंगतीतून उठवलं? लोकांनी विचारलं तर खरं सांगायचं. यांचा दिवा आमच्या चुकीने गेला, बाकीचे त्यांना सांभाळतायत."

बाहेर आल्यावर मॅडमनी चपला घातल्या, बांगड्या खाली केल्या, दारावरचा कागद पुन्हा एकदा वाचला. "हे दालन रविवारी दहाला उघडायचं नाही," त्या प्रितीला म्हणाल्या. "साडेबारानंतर. ट्रस्टींना मी सांगते. आणि टाकी तुझीच आहे, हे वेगळं सांगायला नको." मग राधाबाईंकडे वळल्या. "आजी, तुम्ही गिरणीत कुठल्या खात्यात होतात?"

"मी कुठली गिरणीत? गिरणीत ते होते," राधाबाई म्हणाल्या. "तिसरी पाळी माझी होती."

रविवारी उद्घाटनाला शाळांची मुलं आली. बाहेरच्या दालनांतून त्यांचा कालवा आतपर्यंत येत होता. राधाबाई नवीन लुगडं नेसून आत स्टुलावर बसल्या होत्या, बांगड्या कोपराशी. मंद होणारे दिवे पुढच्या महिन्यात यायचे होते. प्रितीने कालच विचारलं होतं, ते आल्यावर गोधडी घरी न्यायची का. राधाबाई म्हणाल्या होत्या, नेऊ, धुऊ, आणि वेळ पडली तर परत आणू. ट्रस्टने दारावर लावायला इंग्रजीत छापलेली चकचकीत पाटी पाठवली होती. मॅडमनी ती शेजारच्या भिंतीवर लावली. कॅलेंडरचा कागद दारावरच राहिला.

दाराबाहेर पावलांची धावपळ आली आणि एकदम थांबली. एका मुलीचा आवाज अक्षर अक्षर लावत वाचायला लागला. "आत... संध्याकाळ... होत... आहे." दुसरा कोणी म्हणाला, "आत्ता? दुपारी?" तिसऱ्याने विचारलं, "कोणी लिहिलंय? काय मस्त अक्षर आहे."

"माझ्या आज्जीने," प्रितीचा आवाज आला. तिने तो खाली ठेवायचा प्रयत्न केला होता, पण जमलं नव्हतं.

राधाबाई अंधारात ताठ बसल्या. समोर एकोणीस दिवे फिरत होते.

मुलं पुन्हा कुजबुजायला लागली तशी चिंतामणीची काठी जमिनीवर एकदाच, हळू टेकली.

"गप रवा रे," तो म्हणाला. "तिसरी पाळी जेवता हा."

आणि दार हळू लोटलं गेलं.